पापणीवरची घडी

मानवी चेहऱ्यावरच्या ज्या खुणांना समाजांनी सौंदर्याचा निकष मानले, त्यांत वरच्या पापणीवरची आडवी घडी ही बहुधा सर्वांत सूक्ष्म खूण असावी. डोळा उघडला की ती पापणीच्या कडेपासून काही मिलिमीटरवर दिसते, मिटला की जवळजवळ नाहीशी होते, आणि भारतात बहुतेकांना ती जन्मतःच असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. चीन, कोरिया आणि जपान ह्या प्रदेशांत मात्र ही घडी काहींना असते आणि काहींना नसते. साधारण निम्म्या लोकांच्या पापणीवर ती उपजत असते, असे वैद्यकीय लेखनात सर्वसाधारणपणे धरले जाते. चिनी भाषेत घडी असलेल्या पापणीला ‘शुआंग यानपी’ म्हणजे दुहेरी पापणी, आणि नसलेल्या पापणीला ‘दान यानपी’ म्हणजे एकेरी पापणी असे म्हणतात. हा फरक सख्ख्या बहिणींत आढळतो, माय-लेकींत आढळतो, आणि कधीकधी एकाच माणसाच्या उजव्या व डाव्या डोळ्यांतही आढळतो. एकेरी पापणी दुहेरी करून देणारी शस्त्रक्रिया ही आज चीनमधली सर्वांत परिचित सौंदर्यशस्त्रक्रिया आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ सालासाठी केलेल्या पाहणीत पापण्यांच्या शस्त्रक्रिया जगात पहिल्या क्रमांकावर आल्या आणि त्यांची संख्या एकवीस लाखांवर गेली. ह्या आकड्यात वयपरत्वे लोंबणाऱ्या पापण्यांवरचे उपचारही आहेत, पण पूर्व आशियातल्या घडीच्या मागणीचा त्यात मोठा वाटा आहे.

ह्या शस्त्रक्रियेविषयी चीनबाहेर लिहिताना एक स्पष्टीकरण इतक्या सहजपणे दिले जाते की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ते असे की चिनी तरुणींना गोऱ्या लोकांसारखे दिसायचे असते. हे स्पष्टीकरण सर्वस्वी खोटे नाही, कारण ह्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात वंशभेदाची छाया खरोखरच आहे. पण ते फार अपुरे आहे, आणि त्याचा त्याहून मोठा दोष असा की खरा प्रश्न त्यामुळे झाकला जातो. तो प्रश्न एकेरी पापणीच्या चेहऱ्याचा आहे. गेल्या चार दशकांत बाजाराने ह्या चेहऱ्याला दुरुस्त करण्याजोगे वैगुण्य ठरवले, आणि अलीकडच्या काही वर्षांत राष्ट्राभिमानाने त्याच चेहऱ्याला परकीयांनी केलेल्या अपमानाचे चिन्ह ठरवले. परिणामी ज्या कोट्यवधी चिनी माणसांचा तो स्वतःचा, आईबापांकडून आलेला चेहरा आहे, त्यांना आपल्याच देशात त्या चेहऱ्याचा खुलासा करत बसावे लागते.

घडी पडते कशी, हे आधी समजून घेणे उपयोगाचे ठरेल. पापणी उचलण्याचे काम डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या भागातून पुढे येणारा एक लांबट स्नायू करतो, आणि पुढे येता येता तो एका रुंद, पातळ, तंतुमय पडद्यात रूपांतरित होतो. दुहेरी पापणीत ह्या पडद्याचे बारीक तंतू वरच्या त्वचेपर्यंत जाऊन तिला धरतात, त्यामुळे स्नायू आकसला की त्वचा एका ठरावीक रेषेवर आत ओढली जाते आणि तिथे घडी पडते. एकेरी पापणीत हे तंतू त्वचेपर्यंत पोचत नाहीत किंवा फार विरळ असतात; शिवाय खोबणीतली चरबी मागे थोपवून धरणारा दुसरा एक पडदा इथे अधिक खाली जोडलेला असल्याने चरबी पापणीच्या कडेजवळ उतरते आणि पापणी भरीव, सपाट व अखंड दिसते. डोळ्याच्या आतल्या, म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यावर त्वचेची एक छोटी पाळी अनेकांना असते. तिच्यामुळे अश्रूंच्या जागेचा गुलाबी बिंदू झाकला जातो आणि डोळ्याची लांबी किंचित कमी भासते. पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञांनी ह्या पाळीला एका काळी ‘मंगोल घडी’ असे नाव दिले आणि ते पुढे वांशिक वर्गीकरणाचे एक साधन बनले. ह्यांपैकी कशानेही दृष्टी अधू होत नाही. एकेरी पापणी हा आजार नाही, व्यंगही नाही. शरीररचनेतला तो एक साधा पर्याय आहे.

चिनी साहित्याने आणि चित्रकलेने डोळ्यांचे कौतुक पुष्कळ केले, पण ते कौतुक ह्या घडीचे नव्हते. ‘शिचिंग’ ह्या प्राचीन काव्यसंग्रहात वेई देशाच्या राणीचे जे प्रसिद्ध वर्णन आहे, त्यात रेशीमपतंगाच्या मिशांसारख्या भुवया येतात आणि डोळ्यांतल्या काळ्या-पांढऱ्या रंगांची स्वच्छ विभागणी येते. पापणीचा उल्लेख येत नाही. चौथ्या शतकातला थोर चित्रकार कू खायचर ह्याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की तो माणसांची चित्रे पूर्ण करून वर्षानुवर्षे डोळ्यांची बुबुळे तेवढी काढायची ठेवी, कारण चित्रातला प्राण तिथे उतरतो अशी त्याची धारणा होती. थांग राजवटीतला दरबारी चित्रकार चौ फांग ह्याच्या नावावर असलेल्या चित्रात, जे आज ल्याओनिंग प्रांताच्या वस्तुसंग्रहालयात आहे, केसांत फुले माळलेल्या राजस्त्रिया भरल्या गालांच्या आणि अरुंद, लांबट डोळ्यांच्या आहेत, आणि त्यांच्या निर्मात्याला त्या सुंदर वाटत होत्या ह्यात शंका घेण्याचे कारण नाही.

पुढच्या काळात डोळ्यांच्या आकारांना नावे मिळाली आणि त्या नावांबरोबर स्वभावही चिकटले. बाहेरचा कोपरा वर उचललेल्या, लांब व निमुळत्या डोळ्याला ‘दानफंग’ म्हणजे तांबड्या फिनिक्स पक्ष्याचा डोळा म्हणत. ‘तीन राज्यांची कहाणी’ ह्या कादंबरीतला वीर क्वान यू, ज्याची आजही मंदिरांतून पूजा होते, त्याला असे डोळे आहेत. ‘लाल महालाचे स्वप्न’ ह्या अठराव्या शतकातल्या कादंबरीत घराचा कारभार मुठीत ठेवणाऱ्या धूर्त, देखण्या वांग शीफंगलाही फिनिक्सचेच डोळे आहेत, आणि त्याच कादंबरीतली समंजस शुए पावछाय मात्र जर्दाळूसारख्या टपोऱ्या, पाणीदार डोळ्यांची आहे. दानफंग डोळ्याच्या पापणीवर घडी असू शकते वा नसूही शकते. ह्या वर्णनांना त्याचे सोयरसुतक नाही. जोखला जातो तो आकार, तेज आणि नजरेची चाल. टपोरा डोळा आणि निमुळता डोळा एकाच कादंबरीत दोन वेगळ्या व्यक्तित्वांचे मानकरी म्हणून शेजारी शेजारी उभे राहू शकत होते, आणि ही जागा नंतरच्या काळात हरवली.

ती हरवण्याची सुरुवात छापील चित्रांपासून आणि पडद्यापासून झाली असे म्हणता येईल. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या शांघायमध्ये सिगारेटी, साबण आणि औषधांच्या कंपन्या ग्राहकांना रंगीत दिनदर्शिकांची चित्रे वाटत, आणि हांग चर्यिंगसारख्या चित्रकारांच्या कार्यशाळांतून निघालेल्या ह्या चित्रांतली आधुनिक युवती मोकळे हसणारी आणि मोठ्या डोळ्यांची होती. त्याच सुमारास मूकपटांचा जोर होता. आवाजाची सोय नसलेल्या पडद्यावर भावना डोळ्यांनीच पोचवाव्या लागत, आणि जवळून घेतलेल्या दृश्यात डोळ्याचे क्षेत्र जितके मोठे तितके काम सोपे होई. १९३३ मध्ये वाचकांच्या कौलाने ‘चित्रपटांची राणी’ ठरलेली हू त्ये आणि तिची समकालीन र्वान लिंगयू ह्यांचे चेहरे शहरी मध्यमवर्गाच्या घरोघरी पोचले. ह्या घडामोडीत पाश्चात्त्य चित्रपटांचा वाटा होता हे उघड आहे, पण पसंती ज्यांच्याभोवती जमली ते चेहरे चिनीच होते.

मोठ्या डोळ्यांची ओढ केवळ परदेशी अनुकरणातून आली असती, तर १९४९ च्या साम्यवादी क्रांतीनंतर ती ओसरायला हवी होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. क्रांतिकारक भित्तिपत्रकांतला शेतकरी, पोलादाच्या भट्टीपाशी उभी असलेली कामगार मुलगी, चित्रपटातला निष्ठावान सैनिक ह्या सर्वांना दाट भुवया आणि मोठे डोळे असत, इतके की दाट भुवया व मोठे डोळे हे विश्वासू, सरळ आणि आपल्या बाजूच्या माणसाचे ठरलेले वर्णन झाले, आणि पडद्यावरचा फितूर व हेर बारीक डोळ्यांचा असू लागला. पुढे १९९१ मध्ये छायाचित्रकार श्ये हायलुंग ह्यांनी आन्हुई प्रांतातल्या चिनचाय ह्या डोंगराळ तालुक्यात, हातात पेन्सिल धरून कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या पहिलीतल्या एका मुलीचे छायाचित्र घेतले. ग्रामीण मुलांच्या शिक्षणासाठी १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘आशा प्रकल्पा’चे ते बोधचित्र बनले आणि सू मिंगच्युआन ही मुलगी देशभर ‘मोठ्या डोळ्यांची मुलगी’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. ज्या चेहऱ्याने सबंध देशाला मदतीसाठी हात पुढे करायला लावले, त्याची ओळख डोळ्यांच्या मोठेपणात साठवली जावी, ही बाब सौंदर्याच्या कल्पना किती खोल गेल्या होत्या हे दाखवते. आणि इथे युरोपीय चेहऱ्याचा मागमूसही नाही.

शस्त्रक्रियेचा इतिहासही ह्याच प्रकारे दुपदरी आहे. ह्या शस्त्रक्रियेची पहिली ज्ञात वैद्यकीय नोंद १८९६ ची असून ती जपानी वैद्य मिकामो कोतारो ह्यांची आहे. त्यांच्यापुढे आलेल्या स्त्रीच्या एका पापणीवर उपजत घडी होती आणि दुसरीवर नव्हती. त्यांनी धाग्याचे टाके घालून दुसऱ्या पापणीवर पहिलीसारखी घडी पाडली. म्हणजे ह्या शस्त्रक्रियेचा पहिला नमुना परदेशी चेहऱ्यावरून घेतलेला नव्हता, तो त्या स्त्रीच्या स्वतःच्याच दुसऱ्या डोळ्यावरून घेतलेला होता. ह्याउलट अमेरिकी शल्यविशारद राल्फ मिलार्ड ह्यांची कथा आहे. १९५४ मध्ये ते लष्करी सेवेत कोरियात असताना एका कोरियन दुभाष्याने त्यांच्याकडे डोळे गोल करून देण्याची विनंती केली, कारण त्याच्या बारीक डोळ्यांमुळे अमेरिकी लोकांना त्याच्या मनातले कळत नाही आणि ते त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत अशी त्याची तक्रार होती. मिलार्ड ह्यांनी १९५५ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये ह्या अनुभवांवर लिहिले, आणि त्या लेखनात पौर्वात्य चेहऱ्याला पाश्चात्त्य वळण देण्याची भाषा उघडपणे येते. अनेक दशके इंग्रजी वैद्यकीय लेखनात ह्या शस्त्रक्रियेची चर्चा ह्याच भाषेत झाली, जरी सिंगापूरचे खू बू-चाय ह्यांच्यासारखे आशियाई शल्यविशारद १९६० च्या दशकापासून तिच्यावर स्वतंत्रपणे लिहीत होते.

चीनमध्ये ह्या विद्येची पायाभरणी जखमींच्या उपचारांतून झाली, आणि सर्वच प्लास्टिक सर्जरीचा इतिहास असाच आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला ठाऊक असेल की कापलेले नाक कपाळाच्या त्वचेपासून पुन्हा उभे करण्याची पुण्यातली शस्त्रक्रिया, जी कावसजी नावाच्या गाडीवानावर झाली होती, तिचा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला आणि युरोपातल्या शल्यविशारदांना त्यातून नवी दिशा मिळाली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून १९४८ मध्ये परतलेले सुंग रूयाव ह्यांनी आणि त्यांच्याच पिढीतले शांघायचे चांग तीशंग ह्यांनी कोरियन युद्धातल्या भाजलेल्या व चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर उपचार करत चिनी प्लास्टिक सर्जरी उभी केली. १९५७ मध्ये पेकिंगमध्ये सुंग ह्यांच्या पुढाकाराने प्लास्टिक सर्जरीचे स्वतंत्र रुग्णालय स्थापन झाले. पश्चिमेकडच्या टेकड्यांजवळच्या जागेवरून लोक त्याला ‘पाताछू’ म्हणून ओळखतात. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात निव्वळ सौंदर्यासाठी शस्त्र उचलणे हे बूर्झ्वा चैनीचे लक्षण ठरले आणि हे काम जवळजवळ थांबले. १९७८ नंतर आर्थिक सुधारणांचे पर्व सुरू झाले तेव्हा दुहेरी पापणीची शस्त्रक्रिया सर्वांत आधी परतली, कारण ती लहान होती, स्वस्त होती आणि तिला भूल देणाऱ्या तज्ज्ञाची वा रुग्णालयात राहण्याची गरज नव्हती.

प्रत्यक्षात ती दोन मुख्य रीतींनी केली जाते. पहिल्या रीतीत कापाकापी जवळजवळ नसते. रुग्ण बसलेला असताना शल्यविशारद बारीक तारेसारख्या साधनाने पापणी हलकेच दाबून निरनिराळ्या उंचीवर घडी पाडून दाखवतो, आरशात पाहून रुग्ण होकार देतो, आणि ठरलेल्या रेषेवर जांभळ्या शाईने खुणा केल्या जातात. ही रेषा मिटलेल्या पापणीच्या कडेपासून सहसा सहा ते आठ मिलिमीटरवर असते. मग पापणीत बधिर करणारे औषध टोचतात आणि केसाहून बारीक नायलॉनचा धागा छोट्या छिद्रांतून आत नेऊन त्वचेची आतली बाजू आणि पापणी उचलणारा पडदा ह्यांना एकमेकांशी बांधतात. गाठ आत पुरली जाते, म्हणून चिनीत ह्याला धागा पुरण्याची रीत म्हणतात. रुग्ण जागा असतो, आणि मधूनच त्याला डोळे उघडून समोर पाहायला सांगितले जाते, कारण दोन्ही घड्या सारख्या पडल्या की नाहीत हे उघड्या डोळ्यावरच कळते. अर्ध्या-पाऊण तासात काम होते, पण काही वर्षांत धागा सैल होऊन घडी विरू शकते. पापणी जाड असेल, चरबी जास्त असेल किंवा त्वचा सैल असेल तर दुसरी, म्हणजे संपूर्ण छेदाची रीत वापरतात. त्यात रेषेवर पापणीभर छेद घेऊन त्वचेची व खालच्या स्नायूची बारीक पट्टी काढतात, चरबी गरजेपुरती कमी करतात आणि त्वचेची खालची कड आतल्या पडद्याशी शिवून टाकतात. टाके आठवड्याभरात निघतात. सूज उतरायला काही आठवडे आणि व्रण फिका व्हायला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ह्याच बैठकीत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची पाळी कापून डोळा लांब करण्याचीही पद्धत आहे, आणि तिथला व्रण लपवणे सर्वांत कठीण जाते.

जिथे शस्त्रक्रिया लहान असते तिथे ती क्षुल्लक समजली जाण्याचा धोका मोठा असतो, आणि चीनमध्ये हा धोका प्रत्यक्षात उतरला आहे. घडी फार उंच पडणे, दोन डोळे विषम होणे, चरबी अधिक काढल्याने पापणी खोल जाणे, त्वचा अधिक कापल्याने झोपेत डोळा पूर्ण न मिटणे आणि बुबुळ कोरडे पडणे हे सारे दुष्परिणाम वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेले आहेत. फसलेल्या पापण्या दुरुस्त करणे ही आता तिथल्या शल्यविशारदांची वेगळी खासियत बनली आहे, आणि ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड असते, कारण एकदा काढलेली त्वचा पुन्हा मिळत नाही. काही वर्षांपूर्वी रुंद, ठसठशीत घडीला मागणी होती व ती ‘युरोपीय पद्धतीची’ म्हणून विकली जात असे. आता तिची टवाळी होते आणि ‘आईच्या पोटातून आलेली वाटेल’ अशी अरुंद, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी निमुळती होत मिटणारी घडी लोक मागतात. पाश्चात्त्य अनुकरणाच्या सिद्धान्ताला हा बदल फारसा मानवत नाही, कारण आज सर्वांत महाग आणि प्रतिष्ठित घडी ती, जी शेजारच्या चिनी मुलीला उपजतच आहे.

मग ही मागणी कशाने वाढते? हाँगकाँगच्या विद्यापीठ प्रकाशनाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चीनमधल्या सौंदर्यशस्त्रक्रियेवरच्या ग्रंथात मानवशास्त्रज्ञ वन ह्वा ह्यांनी पेकिंगमधल्या स्त्रियांशी बोलून जे चित्र मांडले, त्यात नोकरीची स्पर्धा वारंवार येते, आणि तिलाच मध्यवर्ती मानणे योग्य ठरेल. जुन्या व्यवस्थेत सरकारी उद्योगांतली नोकरी आयुष्यभराची असे व ती सरकार नेमून देई. त्या नोकरीला ‘लोखंडी भातवाडगा’ म्हणत. १९९० च्या दशकात हे वाडगे फुटले, पुढे विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि अर्जाला छायाचित्र जोडण्याची प्रथा रूढ राहिली. स्वागतकक्ष, बँक, विमानसेवा, विक्री अशा कामांच्या जाहिरातींत उंची आणि ‘नीटस चेहरा’ ह्यांच्या अटी सर्रास असत. १९९४ च्या कामगार कायद्याचे बारावे कलम जमात, वंश, लिंग आणि धर्म ह्यांवरून होणारा भेदभाव मना करते, पण रूपाचा त्यात उल्लेख नाही. ज्या समाजात रूपावरून नाकारले जाणे कायद्याला दिसत नाही, तिथे आईबापांनी लेकीच्या पापणीवर काही हजार युआन खर्च करणे हा उथळपणा ठरत नाही; ते त्याला शिकवणीच्या वर्गाच्या फीसारखाच तिच्या भवितव्यावर केलेला खर्च समजतात.

ह्या हिशेबाचे वार्षिक वेळापत्रकही ठरलेले आहे. विद्यापीठ-प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, जिला ‘गाओखाव’ म्हणतात, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात संपते आणि महाविद्यालये सप्टेंबरच्या आरंभी उघडतात. मधल्या काळात सूज उतरते, आणि नव्या गावातल्या नव्या सोबत्यांना जुना डोळा कधी दिसतच नाही. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी हा ह्या व्यवसायाचा हंगाम असतो, आणि परीक्षेचे प्रवेशपत्र दाखवणाऱ्यांना सवलत देण्याचे प्रकार दवाखान्यांनी केले आहेत. ज्यांना शस्त्रक्रिया परवडत नाही वा नको असते, त्या मुली पापणीवर पारदर्शक पट्टी चिकटवून रोज सकाळी घडी पाडतात. ह्या पट्ट्या सौंदर्यप्रसाधनांच्या कोणत्याही दुकानात अल्प किमतीत मिळतात, आणि पुष्कळ मुलींच्या बाबतीत शस्त्रक्रियेपर्यंतचा प्रवास शाळेच्या वयातल्या ह्या पट्टीपासूनच सुरू होतो.

फोनने ह्या सवयीला नवे बळ दिले. २००८ मध्ये श्यामन शहरात सुरू झालेल्या ‘मेईथू’ ह्या कंपनीच्या छायाचित्र सुधारणाऱ्या ॲपमध्ये डोळे मोठे करण्याची सोय एका बोटावर आली, आणि आपलाच सुधारलेला चेहरा सतत पाहिल्यावर आरशातला चेहरा उणा वाटू लागणे ओघानेच आले. २०१३ मध्ये स्थापन होऊन २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदल्या गेलेल्या ‘सो-यंग’ ह्या मंचावर शस्त्रक्रियेआधीची व नंतरची छायाचित्रे, रोजनिशा, दर आणि शल्यविशारदांची नावे एकत्र मिळू लागली. चेहऱ्याच्या मूल्याला अंकांसारखे मोजणारा शब्द तरुणांच्या रोजच्या बोलण्यात आला. शस्त्रक्रियेसाठी कर्ज मिळू लागले आणि कमावत्या नसलेल्या विद्यार्थिनी त्या कर्जात अडकल्याच्या तक्रारी वाढल्या. सरकारची पावले उशिरा पडली, पण पडली : सौंदर्यवैद्यकाविषयीचे नियम २००२ पासून होते, तरी बेकायदा दवाखान्यांविरुद्ध आठ खात्यांची संयुक्त मोहीम जून २०२१ मध्ये निघाली, सप्टेंबरमध्ये सौंदर्यकर्जांच्या जाहिराती आकाशवाणी-दूरचित्रवाणीवरून बंद करण्याचा आदेश आला, आणि नोव्हेंबरमध्ये जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शिकेने ‘रूपाची चिंता’ निर्माण करणाऱ्या मजकुराला आळा घातला. वाईट रूपाचा संबंध आळस, दैन्य वा अपयश ह्यांच्याशी जोडणाऱ्या जाहिराती त्या मार्गदर्शिकेने विशेषकरून लक्ष्य केल्या, आणि हे निदान अचूक होते.

वंशाचा प्रश्न इथे पुन्हा हाती घ्यावा लागतो, कारण चीनबाहेर राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांसाठी तो कधीच सुटलेला नाही. अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या निवेदिका जूली चेन ह्यांनी २०१३ मध्ये आपल्या कार्यक्रमात सांगितले की १९९० च्या दशकात ओहायोतल्या एका वाहिनीवर वार्ताहर असताना, डोळ्यांमुळे त्या मुलाखतीत रस नसल्यासारख्या दिसतात आणि म्हणून त्यांना निवेदिकेची जागा मिळणार नाही, असे वरिष्ठांनी त्यांना सुनावले, आणि त्यानंतर त्यांनी पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. मिलार्ड ह्यांच्या दुभाष्याची तक्रार आणि ही घटना ह्यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे आणि आशय तोच आहे. दोन बोटांनी डोळे ताणून दाखवण्याचा खेळ अनेक देशांतल्या शाळांच्या अंगणात चालत आला आहे, आणि पुण्या-मुंबईत शिकायला व कामाला आलेल्या ईशान्य भारतातल्या तरुणांना डोळ्यांवरून जी हाक ऐकावी लागते ती ह्याच जातीची आहे. मराठी वाचकाने चीनकडे पाहताना ती विसरू नये.

ह्या अपमानाची आठवण चीनमध्ये जिवंत आहे, आणि तिच्यातूनच अलीकडचे वाद पेटले. नोव्हेंबर २०२१ मध्ये शांघायमधल्या दीओर कंपनीच्या प्रदर्शनात नामवंत छायाचित्रकार छन मान ह्यांचे एक छायाचित्र होते; त्यातल्या स्त्रीचे निमुळते डोळे आणि उदास चेहरा पाश्चात्त्यांच्या पूर्वग्रहाला खतपाणी घालतो अशी टीका झाली, छायाचित्र काढून घेतले गेले आणि छन मान ह्यांनी जाहीर माफी मागितली. डिसेंबरमध्ये सिंहनृत्य शिकणाऱ्या गरीब ग्रामीण मुलांवरचा, सुन हायफंग ह्यांनी दिग्दर्शित केलेला एक सुंदर ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला, आणि त्यातल्या पात्रांचे डोळे बारीक व दूर दूर का, म्हणून त्यावर झोड उठली. मे २०२२ मध्ये प्राथमिक गणिताच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रे वादात सापडली. ती खरोखर निष्काळजीपणे काढलेली होती आणि काही चित्रे तर अशोभनीय होती, पण टीकेच्या लोंढ्यात मुलांचे बारीक डोळे हाही एक आरोप झाला. शिक्षण मंत्रालयाच्या चौकशीनंतर ऑगस्टमध्ये सत्तावीस जणांवर कारवाई झाली आणि चित्रे नव्याने काढून घेण्यात आली. ह्या वादांत अपमानकारक चित्रण आणि बारीक डोळ्यांचे साधे अस्तित्व ह्यांतला फरक पुसला गेला, आणि तो पुसला जाणे ही हानी आहे, कारण पहिल्याला विरोध करण्याचा हक्क दुसऱ्याला हद्दपार करण्यासाठी वापरला गेला.

च्यांगशी प्रांतातून आलेली मॉडेल ल्यू यान २००० साली पॅरिसच्या मॉडेलिंग स्पर्धेत उपविजेती ठरली, तेव्हा तिच्या बारीक डोळ्यांचे युरोपात कौतुक झाले आणि मायदेशी पुष्कळांना ती कुरूप वाटली. परकीयांनी मुद्दाम असाच चेहरा निवडला, हा संशय तेव्हापासूनचा आहे. संशयाला आधार नाही असे म्हणता येत नाही, कारण पाश्चात्त्य फॅशनव्यवसायाने वेगळेपणाचा ठसा म्हणून हे डोळे वापरले आहेत. परंतु त्याची किंमत कोणी मोजली हे डिसेंबर २०२१ मध्ये ‘तीन खारी’ ह्या सुकामेवा विकणाऱ्या चिनी कंपनीच्या प्रकरणात दिसले. तिच्या २०१९ मधल्या एका जाहिरातीत निमुळत्या डोळ्यांची, टोकाला वर खेचलेल्या काजळरेषेची चिनी युवती होती. ही जाहिरात चिनी माणसाची विटंबना करते असा गहजब झाला, आणि कंपनीने माफी मागून ती मागे घेतली. ‘छाय न्यांगन्यांग’ ह्या नावाने वावरणाऱ्या त्या मॉडेलने मात्र उत्तर दिले. आपले डोळे जन्मापासून असेच आहेत, प्रत्यक्षात ते जाहिरातीतल्यापेक्षाही लहान आहेत, आणि डोळे लहान असले म्हणजे माणूस चिनी राहत नाही काय, असे तिने आपल्या देशबांधवांना विचारले. तिच्या बाजूनेही पुष्कळ लोक बोलले; त्यांत आपल्याही पापण्या एकेरी आहेत असे सांगणारे बरेच होते.